थकवा आला की थायरॉइडच?

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी, सकाळी नुसता चहा, वर आठवड्याचे उपास. मग अंगात त्राण उरत नाही. जागरणाने कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची लय बिघडते, सततच्या ताणाने ते वाढते. वाढलेले कॉर्टिसॉल थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे टीएसएच दाबते आणि थायरॉइडच्या टी-४ संप्रेरकाचे सक्रिय टी-३ होणेही मंदावते. कडक उपासातही टी-३ घटते, कारण शरीर ऊर्जा राखून ठेवते. ग्रंथी मात्र धडधाकट असू शकते.

बाजरीतले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, पण आयोडीन पुरेसे मिळत असेल तर भाकरीची धास्ती नको. प्रौढांना रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते टिकावे म्हणून आयोडीनयुक्त मीठ झाकून ठेवा, भाजीत शेवटी घाला. आणि बायांनो, टीएसएचबरोबर हिमोग्लोबिनही तपासाच. कित्येकदा खरे दुखणे रक्तक्षयाचे निघते.