जुन्या मोटारीचे जड स्टिअरिंग : दोषनिदान व घरगुती उपाय

जुनी मोटार वळवताना चाक जड लागू लागले, की दोष पंपाचा किंवा स्टिअरिंगच्या पेटीचा असावा, असा तर्क सहसा प्रथम केला जातो. हे दोन्ही भाग महाग असल्याने तो चुकला तर भुर्दंड मोठा पडतो. वस्तुतः अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ तेलात शिरलेल्या हवेत असते, आणि तिचा शोध घरच्या घरी घेता येतो.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग मोटारीवर बसवून दाखविले. विक्रीच्या प्रवासी मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लर इंपीरियलमधून आले. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलावर दाब आणतो. चालकाने चाक फिरविले, की स्टिअरिंगच्या दांड्यातील एक बारीक पोलादी कांब किंचित पिळली जाते. त्या पिळाच्या मानाने झडप उघडते आणि दट्ट्याच्या योग्य त्या बाजूस तेल ढकलले जाते. तेल येथे केवळ साहाय्यक आहे. पंप थांबला तरी गाडी वळते, परंतु सारा भार हातांवर येतो, आणि तो ऐन वळणावर अकस्मात आला तर प्रसंग गंभीर होतो.

टायरमध्ये हवा कमी असली तरीही चाक जड लागते. म्हणून ती आधी पाहावी. नंतर गाडीचा पुढील भाग उचलून भक्कम घोड्यांवर ठेवावा, किल्ली कुलूप सुटेल इतकीच फिरवावी आणि इंजिन बंद ठेवून चाक दोन्ही टोकांपर्यंत न्यावे. ते मध्येच अडखळले तर दोष बहुधा सांध्यांत आहे, तेलाचा नव्हे. चाक पूर्ण वळविताना कर्कश किंकाळी आली तर बेल्ट सैल असण्याचा संभव अधिक. परंतु इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येत असेल आणि टाकीतील तेलावर फेस दिसत असेल, तर हवा शिरली आहे असे समजावे.

ही हवा येते कोठून? तेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे पंपाची शक्ती बुडबुडे दाबण्यात खर्ची पडते. टाकीतील पातळी घटली असेल तर कारण उघडच आहे. पातळी ठीक असूनही फेस येत असेल, तर टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी तपासावी. पंप चालू असता या नळीतील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी असतो. कडक झालेले रबर किंवा सैल झालेली क्लिप यांतून तेथे तेल ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो. टाकीच्या तळाची जाळी गाळाने बुजली असल्यास शोषणाचा ताण आणखी वाढतो.

नळी व क्लिप बदलल्यावर पुढील चाके अधांतरी ठेवून, इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग सावकाश पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावे व पातळी राखीत जावे. मग इंजिन सुरू करून तीच क्रिया करावी. टोकाला चाक काही सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, कारण तेल झपाट्याने तापते. तेल मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेकचे नेहमीचे तेल ग्लायकॉलजन्य असते. खनिज तेलासाठी बनविलेली स्टिअरिंगची रबरी सीले त्याने नासतात.

पंपापासून पेटीकडे जाणाऱ्या नळीची गोष्ट निराळी. तिच्यातील दाब मोटारीच्या टायरमधील दाबाच्या कितीतरी पट असतो. चालू इंजिनावर हात फिरवून तिची गळती शोधू नये. सूक्ष्म धार कातडीत घुसू शकते, आणि गरम धुराड्यावर पडलेले तेल पेट घेते. हे काम कारखान्यातच करवून घ्यावे.

राहिला एक चमत्कारिक प्रकार : सकाळी जड, तेल तापल्यावर हलके. काही जुन्या मोटारींत झडपेभोवतीच्या कड्यांनी ॲल्युमिनियमचे कवच झिजून खाचा पडतात व थंड असताना त्यांतून दाब निसटतो. तेथे तेल बदलून वा हवा काढून काही साधत नाही. पेटीच बदलावी लागते.