पत्ता कायमचा आणि पत्ता फिरता

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या घरच्या संगणकावर सूचना झळकली : 'या पत्त्यावरून गैरवापर झाल्याने प्रवेश नाकारण्यात येत आहे.' वस्तुतः त्या संकेतस्थळावर मी प्रथमच जात होतो. मग गैरवापर केला कोणी? उलगडा होण्यासाठी इंटरनेटवरील पत्ता म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

इंटरनेटवरील देवघेव टपालासारखीच. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे दोन्ही पत्ते लागतात. हा पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस. १९८१ साली निश्चित झालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ० ते २५५ यांमधील चार आकडे असतात. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. मागणी इतकी वाढली, की फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गठ्ठेही वाटून झाले. सहाव्या आवृत्तीत पत्ते अमाप आहेत; पण जुनी आवृत्तीही अजून चालूच आहे.

पत्ता दोन प्रकारचा. स्थिर पत्ता म्हणजे मालकीचे घर : तो बदलत नाही. ज्या यंत्राकडे बाहेरच्यांनी सतत यावे, त्याला तो सोयीचा. फिरता पत्ता म्हणजे लॉजमधली खोली : ठरावीक मुदतीपुरती मिळते, आपण गेलो की दुसऱ्याला दिली जाते. घरगुती जोडणीला बहुधा हाच पत्ता मिळतो.

तिसरी गंमत वाड्याची. दिंडीदरवाजा एक, बिऱ्हाडे अनेक. घरातील संगणक, मोबाइल यांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतो. बाहेर मात्र सर्वांचा पत्ता एकच दिसतो. काही वेळा तर सेवा देणारी कंपनी अनेक घरांनाही एकाच दारातून बाहेर सोडते.

आता माझे कोडे सुटले. आधीच्या पाहुण्याने लॉजचे बिल बुडवावे आणि मालकाने माझी बखोटी धरावी, तसा प्रकार! मी राउटर काही वेळ बंद ठेवून पुन्हा चालू केला. सुदैवाने नवी खोली मिळाली आणि अर्ज वेळेत गेला. हा उपाय दर वेळी लागू पडतोच असे नाही. कित्येकदा तोच पत्ता परत मिळतो.

मग जादा पैसे मोजून स्थिर पत्ता घ्यावा काय? बाहेरगावाहून घरच्या संगणकाशी किंवा कॅमेऱ्याशी थेट जोडायचे असेल, तर विचार करावा. केवळ वाचन, पत्रव्यवहार आणि चित्रपट यांसाठी त्याची गरज नाही. त्याने वेग वाढत नाही, सुरक्षितताही वाढत नाही.

तात्पर्य, पत्ता जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. अमुक पत्त्यावरून अमुक घडले, एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवण्यापूर्वी त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता, आणि त्या दारामागे किती बिऱ्हाडे होती, हे विचारले पाहिजे.