लाटेचे गणित

आमच्या कवठे महांकाळला लाटा कुठल्या? दुष्काळी तालुका आमचा. कृष्णेचे पाणी म्हैसाळहून पंपांनी वर चढवावे, तेव्हा शेते भिजतात. पण हीच कृष्णा २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या घरांत शिरली, तेव्हा जो तो एकच विचारीत होता: पाणी केव्हा चढणार, आणि कुठवर?

वाचकहो, याचे उत्तर पंचांगात नाही, गणितात आहे. खोलीच्या मानाने बरीच लांब असलेल्या लाटेचा वेग खोलीवरच ठरतो. खोलीचे मीटर ९.८ ने गुणून वर्गमूळ काढावे. सेकंदाला तितके मीटर! अडीच मीटर खोल तळ्यात ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सायकलची चाल; ४ किलोमीटर खोल समुद्रात ताशी ७०० च्या वर, म्हणजे विमानाची!

नदीचा पूर इतका सरळ नसतो. वळणे, काठची झाडी, हरिपूरला मिळणारी वारणा, सारी त्याला अडवितात नाहीतर फुगवितात. वाहत्या पाण्याचा हा हिशेब सेंत व्हेनां या फ्रेंच गृहस्थाने १८७१ साली समीकरणांत मांडला. आता संगणक नदीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकातले पाणी क्षणाक्षणाला मोजतो.

पण हे उत्तर काठावरच्या माणसाला कळले पाहिजे. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. नुसत्या आकड्याने एखादी आजीबाई काय समजणार? 'उद्या दुपारी तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी येईल' म्हणा, ती लगेच गाठोडे बांधील. गणिताचे हे शेवटचे पाऊल भाषेचे आहे; म्हणूनच मी, मराठीच्या मास्तराने, यात नाक खुपसले!