सेकंदाला दोन चमचे

पाण्याच्या बिलावरचा एक युनिट म्हणजे एक घनमीटर, एक हजार लिटर. वाचताना काही विशेष वाटत नाही. पण तो घनमीटर डोळ्यांपुढे उभा करून पाहा: मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा पाण्याचा ठोकळा. वजन एक टन. चार माणसांचं साधं शहरी घर महिन्याला असे सोळा ठोकळे रिचवतं. सोळा टन पाणी बोटभर जाडीच्या नळातून घरात येतं, मोरीतून निघून जातं, आणि मागे राहते ती फक्त ओली पायपुसणी.

सोळा हा आकडा काही हवेतून आलेला नाही. शहरातल्या घराला पाणी किती लागतं, याचं एक भारतीय मानक आहे, आय.एस. ११७२. त्यातला माणशी रोज १३५ लिटरचा हिशेब इंजिनिअरिंगची मुलं पाठच करतात. अंघोळीला ५५, फ्लशला ३०, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर धुण्यापुसण्याला १०, स्वयंपाकाला ५ आणि प्यायला ५. ही यादी मी कितीदा वाचली तरी शेवटच्या आकड्याशी थबकतो. ज्याच्यावाचून माणूस तीन-चार दिवसांत मरेल ते पाणी १३५ पैकी पाच लिटर. बाकीचं जवळपास सगळं हमाली करतं. अंगावरचा घाम, ताटावरचं तेल, लादीवरची धूळ उचलून नेणं एवढंच त्याचं काम. आणि या हमालालाही आपण पिण्याच्या पाण्याइतकंच गाळून, क्लोरीन घालून, शंभर किलोमीटरवरच्या तलावातून आणतो.

जगात हा आकडा हवा तसा ताणता येतो. अमेरिकेतला माणूस घरात रोज सुमारे तीनशे लिटर वापरतो. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर मिळावेत असं ठरवलं. २०१८ च्या दुष्काळात केपटाऊनने आपल्या नागरिकांना ५० लिटरची मर्यादा घातली आणि शहर तेवढ्यावर तगलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली तिच्यात पाच लाख लिटर होते. लातूरसारख्या लाखोंच्या वस्तीत वाटले तर माणशी एखादी बाटली. नंतर गाडीला पन्नास वाघिणी लागल्या, तेव्हा खेप पंचवीस लाख लिटरची झाली.

शेजाऱ्याशी तुलना करणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. मुंबई-ठाण्याच्या बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचा मीटर सगळ्या इमारतीला मिळून असतो, आणि बिल वाटलं जातं ते गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे: प्रत्येक सदनिकेत किती नळजोड आहेत आणि ते किती इंची आहेत यावर. पाणी किती वापरलं यावर नाही! त्यामुळे सहा नळांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी चार नळांत सात माणसं नांदवणाऱ्या घरापेक्षा जास्त भरतात. उपविधी करणाऱ्यांनाही इलाज नव्हता. घरोघरी मीटर नसेल तर मोजता येण्याजोगं नळाशिवाय दुसरं काय आहे?

पण समजा घराला स्वतःचा मीटर आहे, आणि चार माणसांच्या घरात सोळाऐवजी चाळीस युनिटांचं बिल आलं. घरात चौकशी सुरू होते. पहिला संशय भांडी घासणाऱ्या मावशींवर, दुसरा दात घासताना नळ चालू ठेवणाऱ्या मुलावर, तिसरा गणपतीत येऊन राहिलेल्या पाहुण्यांवर. या संशयितांना जरा हिशेबाला बसवू. जादाचे चोवीस युनिट म्हणजे रोज सुमारे आठशे लिटर. दात घासताना दोन मिनिटं नळ उघडा राहिला तर बारा-पंधरा लिटर जातात. चौघांनी केलं तरी साठ. पाहुण्यांवर आळ घ्यायचा तर सहा पाहुणे महिनाभर मुक्कामाला हवेत, आणि एवढे पाहुणे महिनाभर राहिले असते तर बिल यायच्या आधीच कळलं असतं.

मग आठशे लिटर जातात कुठे? दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला नऊ मिलिलिटर. जेमतेम दोन चमचे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. घराचा पाणीवापर अडीचपट व्हायला कुठे धो-धो काही वाहावं लागत नाही, दोन चमच्यांची धार पुरते. अट एकच, ती थांबता कामा नये. आपली अक्कल बादलीने मोजते आणि बादली भरली की नळ बंद होतो. न थांबणाऱ्या बारीक धारेची कल्पना करायला आपल्याकडे मापच नाही.

आता कुणी म्हणेल, मग तो टपटपणारा नळ. रात्री झोप मोडणारा, सगळ्यांचा लाडका आरोपी. थेंबाचा आकार नळाच्या तोंडावर ठरतो: पृष्ठताण त्याला तोंडाच्या कडेला धरून ठेवतो आणि वजन त्या पकडीच्या वर गेलं की थेंब सुटतो. तोंड रुंद, तर थेंब मोठा. ड्रॉपरचे वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. नळाचे चारच पुरतात. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर, म्हणजे महिन्याला युनिटचे दोन तृतीयांश. आपले आठशे लिटर गाठायला असे सदतीस नळ टपकायला हवेत.

गंमत पुढेच आहे. तो थेंब मीटरला बहुधा दिसतही नाही. घरगुती मीटरच्या पोटात एक पंखा असतो. पाण्याच्या धारा त्याच्या पात्यांवर आदळून तो फिरवतात, आणि काचेखालच्या कोरड्या कप्प्यातली आकड्यांची चक्रं त्याच्याशी लोहचुंबकाने जोडलेली असतात. मध्ये दांडा नाही, छिद्र नाही, पकड फक्त चुंबकाची. पंख्याला फिरायला थोडा तरी जोर लागतो. आपल्याकडे सर्रास बसणाऱ्या १५ मिलिमीटरच्या क्लास बी मीटरने ताशी तीस लिटरच्या खालचा प्रवाह बिनचूक मोजावा अशी अपेक्षाच नसते. टपकणारा नळ ताशी एक लिटरही देत नाही. ज्याच्या आवाजाने घर जागं राहतं, त्याची मीटरला दाद नाही.

खरा चोर बिनआवाजी असतो. बहुतेक वेळा तो संडासात सापडतो. फ्लशच्या टाकीच्या तळाशी रबराचं झाकण किंवा वॉशर असतं. काही वर्षांत ते ताठर होतं, बोअरचं पाणी असेल तर त्याच्यावर क्षारांची पुटं चढतात, आणि कडेने पाण्याचा पातळ पापुद्रा भांड्यात उतरत राहतो. चिनी मातीच्या गुळगुळीत उतारावरून जाणारं पाणी पांढऱ्यावर पारदर्शक, म्हणून दिसत नाही, आणि थेंब पडत नाही म्हणून ऐकू येत नाही. दोन चमचे सेकंदाला हे त्याचं अगदी नेहमीचं काम. त्याला पकडायचं तर रात्री झोपताना टाकीत खाण्याचा रंग टाका, जिलेबीला वापरतात तो चालतो, आणि पंधरा मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यातलं पाणी रंगलं की चोर सापडला. घरात हळद आहे म्हणून ती टाकायचा मोह होईल, पण हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तळाला बसतो.

फ्लश निर्दोष निघाला तर भिंतीतल्या पाइपांचा विचार करावा लागतो. भोकातून पाणी किती वेगाने सुटेल हे इव्हांजेलिस्ता टोरिचेल्लीने १६४४ मध्ये लिहून ठेवलं: वरच्या पाण्याच्या पातळीपासून भोकापर्यंत जेवढी उंची, तेवढ्या उंचीवरून दगड टाकला तर तो ज्या वेगाने खाली येईल, त्या वेगाने. सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे आणि तळमजल्यावर पाइपाला एक मिलिमीटरचं भोक पडलंय. उंची वीस मीटर, वेग सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर! भोकाच्या कडेशी धार आकसते ती वजावट धरूनही दिवसाला आठशे लिटरच्या वर पाणी जातं. शिवणाच्या सुईच्या जाडीची एक धार, आणि आपलं सगळं कोडं सुटलं. भोक दोन मिलिमीटरचं झालं की चौपट, कारण वाढतं ते क्षेत्रफळ.

तिसरी जागा म्हणजे जमिनीखालची टाकी. तिथला बॉलकॉक अडकला की पाणी येण्याच्या वेळेत टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात राहतं. गच्चीवरची टाकी वाहिली तर वॉचमनपासून समोरच्या इमारतीपर्यंत सगळे ओरडतात. खालची टाकी वाहिली तर कुणाला पत्ता नसतो. झाकण उघडून पाणी येत असताना आत डोकावणं, हा तपासाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग.

कधी चूक पाण्याची नसतेच. आपल्या शहरांत पाणी ठरावीक वेळ येतं, मधल्या काळात वाहिन्या रिकाम्या होऊन त्यांत हवा भरते. पाणी सुटलं की नळाला आधी फुसफुस येते हे सगळ्यांना माहीत आहे. ती फुसफुस मीटरमधूनच आलेली असते. पात्यांना पाणी आणि हवा यांतला फरक कळत नाही. मागून पाण्याने रेटलेली हवा त्यांना गरागरा फिरवते आणि आकडे पुढे सरकतात. मीटरवर हवा लागली ही लोकांची तक्रार अनेकदा हसण्यावारी नेली जाते. ती नेऊ नये. आणखी साधी शक्यता वाचनाची. मीटरवरचे काळे आकडे युनिटांचे आणि लाल आकडे त्याच्या अंशांचे. त्यांची सरमिसळ झाली की घर एका महिन्यात जलतरण तलाव पिऊन बसतं. मीटर बंद असताना सरासरीने बिलं येत राहिली आणि मग खरं रीडिंग झालं, तर मागच्या सगळ्या महिन्यांचा फरक एकदम अंगावर येतो. म्हणून प्लंबरच्या आधी बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग शेजारी ठेवावं. मग सगळे नळ बंद करून काचेखालचं नखाएवढं चांदणीचक्र पाहावं. ते आकड्यांपेक्षा कितीतरी जलद फिरतं. घरात कुणी पाणी घेत नसताना ते हलत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय. मीटर आणि नळ यांच्यामध्ये टाकी असेल तर ही युक्ती फसते. तेव्हा मोटार बंद ठेवून रात्री टाकीतल्या पातळीवर खडूने खूण करायची आणि पहाटे पुन्हा पाहायची.

पाणी अडीचपट झालं तर बिलही अडीचपट व्हावं, असं साधं गणित सांगतं. तसं होत नाही. मुंबई महापालिकेच्या घरगुती दराची शिडी अशी आहे: माणशी १५० लिटरपर्यंत मूळ दर, पुढच्या पन्नास लिटरना दुप्पट, त्यापुढच्या पन्नासना तिप्पट, आणि २५० च्या वर चौपट. आपलं चाळीस युनिटांचं घर या शिडीवर चढवून पाहिलं तर बिल साडेपाचपटीच्या जवळ जातं. वर मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या बिलाच्या टक्केवारीने लागतो, म्हणजे तोही तेवढाच फुगतो. भिंतीत झिरपलेलं पाणी गटारात गेलंच नाही हे बिलाला ठाऊक नसतं.

शिडीचे दर आणि घरोघरी मीटर हा मार्ग महाराष्ट्रात एका छोट्या गावानेही धरला. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळं पाणी उधळलं जाईल ही स्वाभाविक भीती होती. पण ठरावीक वेळेचं पाणीही कमी उधळत नाही. नळ येण्याच्या आधी आपण काय करतो? कालचं भरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देतो आणि ताजं भरतो. नळ कोरडा असताना उघडा राहतो, आणि पहाटे पाणी आलं की आपण झोपेत असताना वाहतो. चोवीस तास पाणी असेल तर पिंपं भरायचंच कारण उरत नाही.

हाच हिशेब शहराला लावला की फार विलक्षण उत्तरं येतात. पाणीपुरवठ्याचे अभियंते गळती मोजायला रात्री दोन ते चारची वेळ निवडतात. तेव्हा शहर झोपलेलं असतं, तरी वाहिन्यांतून जे पाणी जातच राहतं त्याचा मोठा भाग गळतीचा. पूर्वी माणसं लोखंडी कांडीचं एक टोक वाहिनीला आणि दुसरं कानाला लावून भोकाचा सूं-सूं आवाज शोधत, आजही शोधतात. प्लास्टिकच्या पाइपात मात्र तो आवाज थोड्याच अंतरावर विरतो, म्हणून विभागाविभागाच्या मीटरवरचे रात्रीचे आकडे ताडून पाहावे लागतात. समजा, रस्त्यात मोठी वाहिनी फुटून ताशी तीस हजार लिटरचं कारंजं उडालं आणि सहा तासांत बंद झालं. गेलं एक लाख ऐंशी हजार लिटर. त्याच रस्त्याखाली मिनिटाला आठ लिटरची, म्हणजे एखाद्या चालू नळाएवढी गळती वर्षभर कुणाला सापडली नाही, तर जातात बेचाळीस लाख.