नावं ठेवण्यासारखी नावं

एका हायस्कूलच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं मुलांची नावं लिहिली. जनरल रजिस्टरात चढलेलं नाव सहजी बदलत नाही, आणि दहावीच्या बोर्डाचा फॉर्म गेला की जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे नववीचा निकाल लागला की पालकांची रीघ लागायची. "भाऊसाहेब, पोराचं नाव तेवढं बदलून द्या." कचरूचा कुणाल करायचा असे, दगडूचा दिग्विजय. मी प्रतिज्ञापत्र, जुना दाखला, राजपत्रातली प्रसिद्धी वगैरे सांगत असे. ऐकता ऐकता पालकांची नजर टेबलावरच्या पाटीवर जाई आणि ते गप्प होत. पाटीवर माझं नाव होतं : धोंडीराम.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. माझ्यासारख्यांच्या आयांनी दोन्ही कामं एकाच वेळी उरकली होती. दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा, धुळा, भिका. ऐकणाऱ्यानं नाक मुरडावं म्हणूनच ही नावं ठेवलेली. कुणी अदबीनं विचारतं, "धोंड्याच्या महिन्यात जन्म का तुमचा?" काहींचं नाव तसं पडतंही. माझं तसं पडलं नाही.

माझा जन्म १९५५चा, माण तालुक्यातला. माझ्याआधी आईला दोन मुलगे झाले होते. पहिल्याचं नाव रामचंद्र ठेवायचं ठरलं होतं, पण बारशाआधीच, आठव्या दिवशी, त्याला दातखिळी बसली. दुसरा चांगला दीड वर्षाचा झाला, दुडूदुडू पळायला लागला आणि देवी आल्या. तिसऱ्या खेपेला मी झालो तेव्हा आजीनं बारशाची तयारी करूच दिली नाही. मला फाटक्या धडुत्यात गुंडाळून सुपात घातलं आणि सूप नेऊन उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे सुईण तिथून 'सहज' चालली होती. "कुणाचं गं पोर टाकलंय?" म्हणत तिनं मला उचललं, घरी नेलं आणि संध्याकाळी आईनं पसाभर बाजरी देऊन तिच्याकडून मला विकत घेतलं. म्हणजे मी आमच्या घरचा नव्हेच, बाजरीवर आणलेला. आता विकत आणलेल्या धोंड्याला कोण नेणार? "धोंडा कोन उचलतंय?" आई म्हणायची, आणि वर हसायची. सुईण मांगवाड्यातली होती. एरवी जिच्या हातचं पाणी आमच्या घराला चालत नव्हतं, तिच्या हातात पोटचं पोर देताना कुणी मागंपुढं पाहिलं नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

नोकरीत असताना नावांची पुस्तकं हाती लागली की मी चाळायचो. त्यांत 'अर्थ' असा एक रकाना असतो. धोंडू : दगड. भिकाजी : भिकारी. कारकून म्हणून सांगतो, हा रकाना चुकीचा भरलेला आहे. ही नावं उलटी वाचायची असतात. कवडीमोलाचं नाव दिलेलं पोर त्या घरातलं सगळ्यात मोलाचं असायचं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हे कळलं तेव्हा मला आपली भावकी पृथ्वीभर पसरल्यासारखं वाटलं. घानामधल्या आकान लोकांत मूल जगत नसेल तर मुलाला 'सुमिना' म्हणत. सुमिना म्हणजे उकिरडा. बाकी हे लोक मुलाला जन्मवाराचं नाव देतात. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ला जन्मले. तो शुक्रवार होता, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. आमच्या रजिस्टरात कधी एखाद्या कातकरी पाड्यावरचा पोरगा 'शुक्र्या' म्हणून दाखल झाला की मास्तर हसायचे. मी म्हणायचो, हसू नका, याच नावाचा माणूस न्यूयॉर्कला बसून जगाची भांडणं सोडवतोय.

चीनमध्ये खेड्यातल्या मुलाचं घरातलं नाव 'गौशंग' असायचं : कुत्र्यानं खाऊन टाकून दिलेलं. कुत्र्यालाही जे नको झालं त्याला यम काय तोंड लावणार! शाळेत घालताना मात्र त्याला वेगळं, देखणं नाव देत, आणि त्या नावाला 'शाळेचं नाव' असाच शब्द आहे. म्हणजे तिथल्या भाऊसाहेबांना राजपत्राची भानगड नव्हती. रशियात पूर्वी मुलाला 'नेक्रास' म्हणत, म्हणजे देखणा नसलेला. कवी नेक्रासोव यांच्या आडनावात कुणा पूर्वजाची ती दृष्ट काढलेली राहून गेली आहे.

मंगोलियातली नावं मला सगळ्यात आवडतात, कारण त्यांत कारकुनी डोकं आहे. तिथं पुरुषांची नावं असतात 'नेरगुई', म्हणजे नाव नाही; 'हुनबिश', म्हणजे माणूस नाही; 'एनेबिश', म्हणजे हा नव्हे; 'तेरबिश', म्हणजे तो नव्हे. मृत्यू म्हणजे यादी घेऊन फिरणारा शिपाई, अशी कल्पना करा. दारात येऊन विचारतो, अमुक कोण? हा नव्हे. मग तो? तो नव्हे. नाव काय? नाव नाही. रकाना रिकामा ठेवून बिचारा परत जातो. चौतीस वर्षांत मीही कित्येक अर्ज याच कारणानं परत पाठवले आहेत.

सर्बियाच्या आईबापांनी मात्र असं लपवाछपवी करून भागवलं नाही. त्र्शिच नावाच्या गावात १७८७ साली एका घरात मुलगा जन्मला. आधीची भावंडं दगावली होती, आणि मुलांना चेटकिणी खातात अशी समजूत होती. बापानं नाव ठेवलं 'वूक'. वूक म्हणजे लांडगा. लांडग्याच्या वाटेला चेटकीण जात नाही. पोरगा जगला, आणि असा जगला की त्यानं सर्बियन लिपी सुधारली, एका उच्चाराला एक अक्षर हा नियम घालून दिला. हेच ते वूक कराजिच. १८१८ साली त्यांनी सर्बियन शब्दकोश काढला आणि त्यात 'वूक' या शब्दापाशी ही चालही नोंदवून ठेवली. स्वतःच्या नावाचा अर्थ त्यांनी नुसता 'लांडगा' असा लिहून सोडला नाही, ते नाव कुठल्या घरात आणि का ठेवतात तेही सांगितलं. रकाना असा भरायचा असतो.

नायजेरियातल्या योरुबा आया तर थेट बाळाशीच बोलतात. एकच मूल पुन्हा पुन्हा जन्माला येतं आणि आईला चटका लावून परत जातं, अशी तिथली श्रद्धा. अशा मुलाला 'अबिकू' म्हणतात. मग त्याचं नाव ठेवायचं 'मालोमो', पुन्हा जाऊ नकोस. किंवा 'दुरोजाइये', थांब आणि आयुष्य भोग. कधी विनवणी संपते आणि आई पदर खोचते : 'कोसोको'. कुदळ नाही घरात, तुझ्यासाठी खड्डा कोण खणणार? या नावाचा माणूस १८४५ ते १८५१ लागोसच्या गादीवर राजा होता. दरबारात ललकारी होताना प्रत्येक वेळी एका बाईचा तो जुना दम ऐकू येत असणार.

ज्यू लोकांत आजारी मुलाचं नाव बदलायची पद्धत जुनी आहे. माणसावर आलेला निवाडा ज्या गोष्टींनी टळतो त्यांत तालमूद ग्रंथानं दानधर्म आणि प्रार्थनेबरोबर नाव बदलणंही मोजलं आहे. नवं नाव बहुतेक 'हाइम', म्हणजे जीवन. इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष वाइझमन हे हाइमच. यिद्दिश बोलणाऱ्या घरांत पाळण्यातल्या पोराला 'आल्टर' म्हणत, म्हणजे म्हातारा. आपल्याकडे दोन वर्षांच्या पोराला अण्णा, आप्पा, बापू म्हणतात ते बहुधा आजोबांच्या नावाचा मान राखायला. पण आल्टर ऐकल्यापासून मला त्या लाडाचीही शंका यायला लागली आहे.

तुर्कस्तानात तर 'सातल्मुश' असं पुरुषाचं चांगलं चालतं नाव आहे. अर्थ : विकलेला. हे वाचलं त्या दिवशी मला बाजरीचा वास आला.

भिकाजीबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट आहे. त्याचे भाऊ शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट. बापानं मधल्याला, म्हणजे शुनःशेपाला, यज्ञात बळी द्यायला शंभर गाईंवर विकलं. तो वाचला, विश्वामित्रानं त्याला मुलगा मानलं आणि त्याचं नाव झालं देवरात, देवानं दिलेला. हा अर्थ जगात जाल तिथं भेटतो. ग्रीकांचा थिओडोर, स्लाव लोकांचा बोगदान, हिब्रूतला जोनाथन, आपल्याकडचे देवदत्त आणि खुदाबक्ष, सगळे देवानं दिलेले. आता भिकाजी बघा. देवापुढं पदर पसरला आणि त्यात पडला तो भिकाजी. देणाऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं तर थिओडोर, मागणाऱ्याच्या बाजूनं भिकाजी. हे मी एका भिकाजीच्या मुलाला समजावून सांगितलं होतं. बापाचं नाव मधे लागतं म्हणून त्याला कॉलेजात चिडवत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, फॉर्म कुठला भरू तेवढं सांगा."

मुलींचं काय, हा प्रश्न येणारच, आणि इथं माझी बोलती बंद होते. माझ्याच सातारा जिल्ह्यात २०११च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेनं समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. त्या सगळ्या 'नकोशी' किंवा 'नकुसा' होत्या. वरवर पाहिलं तर धोंडू आणि नकुसा एकाच माळेतले मणी. पण धोंडू ही मृत्यूला मारलेली थाप होती. नकुसात थाप नव्हती. तिथं 'अर्थ' हा रकाना अगदी बरोबर भरलेला होता. चीनमधली 'चाओदी', म्हणजे धाकट्या भावाला घेऊन ये, आणि तुर्कस्तानातली 'येतेर', म्हणजे पुरे झालं, याच जातीच्या. रजिस्टरात मी स्वतःच्या हातानं नकुसा लिहिलेलं आहे. एकाही बापाला मी विचारलं नाही की का.

धोंडू, दगडू कुठं गेले? लोकांना वाटतं, शिक्षणानं गेले, फॅशननं गेले. मला वाटतं, लशीनं गेले. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते, कधी बाळच नेते, अशी समजूत. तिची मर्जी राखायला मुलाचं नाव सटवाजी ठेवत. त्या रात्रीची भीती उगीच नव्हती. नाळ विळ्यानं कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की धनुर्वाताचे जंतू आत जात, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बाळाचा जबडा बसे, दूध ओढता येत नसे. माझ्या थोरल्या भावाची दातखिळी ती हीच. गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, एवढ्यानं सटवाईची वाट बंद झाली. २०१५ साली देशातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच देवी गेल्या होत्या. १९७१ साली भारतात हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली २८, महाराष्ट्रात १६. हे आकडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझं रजिस्टर आठवलं. जुन्या पानांवर केरू, कचरू, धोंडू, भिका एकामागून एक; पुढं संतोष, संजय, सचिन; आणि मी निवृत्त झालो त्या २०१३च्या पानावर अथर्व, आर्यन, शौर्य. शौर्याला धोक्याची खबरच नाही. नसू दे.

नातवाचं नाव विहान. सुनेनं मोबाइलमध्ये शोधून ठेवलं. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "पहाट, बाबा." मला आवडलं. तरी व्हिडिओ कॉलवर तो दिसला की माझ्या तोंडून "काय रे दगड्या" असंच निघतं. सून मनानं चांगली. ती हसते, पण बाळाच्या गालावर तीट लावायला विसरत नाही.

मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. २०१६च्या उन्हाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे होतो. घराखाली एका तुर्की माणसाचं फळांचं दुकान, माणूस साधारण माझ्याच वयाचा. रोज संध्याकाळी मी तिथं जाऊन उभा राहायचो. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. एका शनिवारी मुलगा बरोबर होता. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, दुर्सून. मुलानं अर्थ विचारला. 'राहू दे', म्हणाला, म्हणजे याला इथंच राहू दे. मग माझ्याकडे बोट करून त्यानं माझं नाव विचारलं. मुलगा जरा अवघडला, पण सांगितलं, श्टाइन. दगड.

दुर्सून चेरी तोलत होता, तो थांबला. मुलाकडे वळून काहीतरी म्हणाला. मुलगा म्हणाला, "बाबा, तो विचारतोय, तुमच्याआधी किती?"

मी दोन बोटं वर केली. त्यानं तीन.