यादीत नाही, बाहेरून आणा

सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीत चिठ्ठी सरकवावी, आतून दोन प्रकारच्या गोळ्या याव्यात आणि तिसऱ्या ओळीभोवती पेनाने गोल करून उत्तर मिळावं, ‘हे नाही, बाहेरून आणा.’ महाराष्ट्रात हे ज्याच्या वाट्याला आलं नाही असा माणूस विरळाच. आपण चिडतो आणि समोरच्या मेडिकलची पायरी चढतो. पण चिडण्याआधी एक विचारायला हवं. ते औषध रुग्णालयाच्या यादीत असून संपलं आहे, की मुळात यादीतच नाही? संपलं असेल तर कारभार ढिसाळ. यादीतच नसेल, तर रुग्णालय शहाणं असण्याचीही शक्यता आहे.

या यादीला फॉर्म्युलरी म्हणतात. कोणती औषधं ठेवायची, किती मात्रेची, आणि ती कोणत्या पातळीच्या डॉक्टरने लिहायची, याचा हा लेखी ठराव. बाजारात एकट्या पॅरासिटामॉलचे शेकडो ब्रँड आहेत. रुग्णालयाला एक पुरतो. तेव्हा यादी करणं म्हणजे बहुतांशी नकार देणं, आणि तो देणं अवघड असतं. बाह्यरुग्ण विभागाबाहेर एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बॅग घेऊन थांबलेले असतात आणि त्यांच्याकडे दर महिन्याला काहीतरी नवं असतं.

नकाराचं काम औषध व उपचार समितीकडे असतं. मेडिसिन, सर्जरी, बालरोग अशा विभागांचे प्रमुख, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, परिचारिकांच्या प्रतिनिधी, आणि बहुधा सचिव म्हणून फार्मासिस्ट. समजा, एका विभागाने अर्ज केला की आम्लपित्तावरची अमुक जोडगोळी यादीत घ्या. समिती नीट चालत असेल तर प्रश्न ठरलेले असतात. यातली दोन्ही औषधं सुटी आपल्याकडे आहेत ना? मग एकत्र करून रुग्णाला काय जास्त मिळतं? कंपनीच्या पत्रकाबाहेरचा पुरावा कोणता? गोळीची नव्हे, पूर्ण कोर्सची किंमत किती? अर्ज करणाऱ्याचा कंपनीशी काही संबंध आहे का? आणि शेवटचा, बैठक गप्प करणारा प्रश्न: हे आत घ्यायचं तर बाहेर काय काढू?

हा शेवटचा प्रश्न जिथे विचारला जात नाही तिथली यादी दरवर्षी फुगते आणि पाच वर्षांत बाजाराची नक्कल होऊन बसते. माझ्या मते समितीची परीक्षा तिने काय घेतलं यापेक्षा काय काढलं यावर करावी. राष्ट्रीय पातळीवर याचं चांगलं उदाहरण आहे. २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधं आहेत. ३४ नवी आली आणि २६ गेली. गेलेल्यांत रॅनिटिडीन होतं, घरोघरच्या डब्यात असणारी आम्लपित्तावरची गोळी. तिच्यात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या अशुद्धीचा प्रश्न जगभर उभा राहिला होता, आणि त्याच कामाची दुसरी औषधं हाताशी होती.

थोडक्यात पुरणाऱ्या यादीची कल्पना आपल्याला परकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ची, जेमतेम दोनशे औषधांची. त्याआधी १९७५मध्ये आपल्याच हाथी समितीने शंभरावर अत्यावश्यक औषधं निवडून दिली होती आणि ब्रँडच्या नावांना फाटा द्या असंही सुचवलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

यादीत पायऱ्याही असतात. प्रतिजैविकांची विभागणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७पासून तीन गटांत केली आहे: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. लिनेझोलिड किंवा कोलिस्टिन तिसऱ्या गटात. चांगल्या रुग्णालयात ही औषधं कपाटात असतात, पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या एकट्याच्या सहीवर निघत नाहीत. वरिष्ठांची मंजुरी लागते.

आता यादी निर्दोष आहे असं धरू. तरी माणसं मरू शकतात, हे मुंबईने पाहिलं आहे. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेलं ग्लिसरॉल हे रीतसर औषध होतं. बाटलीत मात्र डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेला, मूत्रपिंड निकामी करणारा माल होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि अन्न व औषध प्रशासन यांतली सडलेली साखळी उघड केली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. अहवाल गाजला तो महाराष्ट्रात, पण औषधखरेदीची नमुनेदार यंत्रणा उभी राहिली ती तमिळनाडूत.

१९९४मध्ये तिथे तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि १९९५पासून पुरवठा सुरू झाला. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचं नाव या उभारणीशी जोडलेलं आहे. रचना ऐकायला साधी आहे. मर्यादित यादी, औषधाचं मूळ नाव, थेट उत्पादकाकडून खरेदी, मधला व्यापारी नाही. निविदा दोन पाकिटांत: आधी तांत्रिक पाकीट, त्यात कारखाना, उलाढाल, अनुभव, त्यात उतरला तरच दराचं पाकीट उघडायचं. माल जिल्ह्याच्या गोदामात आला तरी लगेच वाटायचा नाही. प्रत्येक बॅचचे नमुने काढायचे, उत्पादकाचं नाव झाकायचं, वर सांकेतिक क्रमांक घालायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचं. आपण कुणाचा माल तपासतो आहोत हे तपासणाऱ्याला कळत नाही. अहवाल येईपर्यंत खोकी वेगळ्या जागी पडून राहतात. नापास झाल्यास माल परत, आणि पुन्हा पुन्हा झालं तर कंपनी काळ्या यादीत.

मला यातलं सर्वांत आवडलेलं म्हणजे पासबुक. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येकाच्या नावावर वर्षाची रक्कम जमा असते. केंद्राने गोदामातून औषधं उचलली की तेवढी रक्कम पासबुकातून वजा. वरून कुणी ठरवून खोक्यांचा ढीग धाडत नाही. आपल्या गावात कशाची साथ आहे हे पाहून डॉक्टर मागणी करतो. पूर्वी अनेक गोळ्या हजारांच्या डब्यात सुट्या येत, कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जात. महामंडळाने त्या पट्टीत आणल्या आणि पट्टीवर सरकारी चिन्ह छापलं. पुडी ओळखता येत नव्हती, पट्टी बाजारात विकली तर पकडली जाते. पुढे केरळ आणि राजस्थान याच वाटेने गेले.

भांडारातल्या रोजच्या कामात मात्र चमक काहीच नाही. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नंतरचं मागे. इन्शुलिन २ ते ८ अंशांत, पण गोठलं तरी वाया. अ‍ॅड्रेनलिनची एक कुपी काही रुपयांची. हिशेबाच्या वहीत ती क्षुल्लक, पण तीव्र अ‍ॅलर्जीने श्वास अडकलेल्या माणसासाठी तिच्याइतकं मोलाचं काही नाही. म्हणून औषधांची वर्गवारी दोनदा करतात, एकदा खर्चाप्रमाणे आणि एकदा निकडीप्रमाणे. पोटॅशियम क्लोराईडच्या तीव्र द्रावणाची कुपी तर वॉर्डात ठेवूच नये असा दंडक आहे. दिसायला ती शेजारच्या पाण्याच्या किंवा सलाईनच्या कुपीसारखीच. घाईत थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं.

यादीचा आणखी एक उपयोग मुंबईच्याच टाटा मेमोरियलने दाखवला. त्याच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या काही रुग्णालयांनी ४० औषधं एकत्र खरेदी केली आणि किमती दणक्यात खाली आल्या. पण त्याआधी वेगवेगळ्या शहरांतल्या कर्करोगतज्ज्ञांना कोणतं औषध, किती मात्रेत घ्यायचं यावर एकमत करावं लागलं. एकमताशिवाय घासाघीस करता येत नाही.

महाराष्ट्राने २०१७मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी औषधनिर्मिती महामंडळाकडे सोपवली आणि २०२३मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. प्राधिकरणाचा कस लागेल तो बॅचची तपासणी आणि वेळेवर पैसे चुकते करणं या दोन कामांत. पुरवठादाराचे पैसे थकले की चांगला उत्पादक निविदेकडे फिरकत नाही आणि उरतो तो थकबाकी आधीच दरात धरणारा.

प्राधिकरण या कसाला उतरेपर्यंत खिडकीवर ‘बाहेरून आणा’ ऐकू आलं, तर फार्मासिस्टला शांतपणे एवढंच विचारा: हे आपल्या यादीत आहे का? ‘आहे, पण संपलंय’ असं उत्तर आलं तर अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. ‘यादीत नाही’ म्हणाले, तर डॉक्टरांकडे परत जा आणि यादीतलं चालेल का ते विचारा. बऱ्याचदा चालतं.