जिंकला एक, बांधलं दुसऱ्याचं!

बॉसने वाहवा केली, पण काम मात्र दुसऱ्याच्याच प्लॅनने झालं? डोन्ट वरी, हा किस्सा सव्वाशे वर्षं जुना आहे!

महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये माझा एक मित्र काम करतो. मागच्या वर्षी नव्या शेडसाठी दोघांनी लेआउट दिले. मीटिंगमध्ये पसंत पडला याचा, आणि शेड उभी राहिली दुसऱ्याच्या लेआउटवर! 'आता या ड्रॉइंगचं काय करू?' बिरवाडीत कटिंग पिता पिता त्याने विचारलं. म्हटलं, 'रद्दीत टाकू नकोस. रविवारी मुंबईला चल.'

सीएसएमटीतून बाहेर पडलं की समोरच महापालिकेचं मुख्यालय दिसतं. तिच्या डिझाइनसाठी चक्क खुली स्पर्धा झाली होती. आधी पसंत पडला तो मद्रासचे आर्किटेक्ट रॉबर्ट फेलोज चिझम यांचा इंडो-सारासेनिक आराखडा. घुमट, छत्र्या, नक्षीदार कमानी असा आपल्या मातीचा बाज. पण १८९३ साली बांधून पूर्ण झाली ती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची गॉथिक वळणाची इमारत. समोरचं स्टेशनही स्टीव्हन्स यांचंच!

म्हणून चिझम यांचं करिअर संपलं का? छे! १८६४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेज आणि सेनेट हाउससाठी मागवलेल्या डिझाइन्समध्ये त्यांनी बाजी मारली होतीच. शिवाय मेजर चार्ल्स मँट यांच्या मृत्यूनंतर बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस त्यांनीच पूर्ण केला.

प्रत्येक वेळी असंच होतं असंही नाही. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची स्पर्धा १९०९ मध्ये जॉर्ज विटेट यांनी जिंकली आणि ते त्यांच्याच डिझाइनने उभं राहिलं.

पण हरलेल्या कागदांचं काय? त्या काळी लंडनच्या 'द बिल्डर'सारख्या साप्ताहिकांत नव्या इमारतींची आणि स्पर्धांमधली ड्रॉइंग्ज छापून यायची. त्यामुळे न बांधलेल्या इमारतीही लोकांच्या नजरेसमोर राहायच्या. याचा सॉलिड नमुना म्हणजे शिकागो. १९२२ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने आपल्या इमारतीसाठी एक लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धा लावली. अडीचशेहून जास्त डिझाइन्स आली. पहिले आले जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड. टॉवर त्यांचाच झाला. दुसरे आले फिनलंडचे एलिएल सारिनेन. पण १९२३ मध्ये सगळ्या ड्रॉइंग्जचं पुस्तक निघालं आणि पुढच्या गगनचुंबी इमारतींवर छाप पडली ती या दुसऱ्या नंबरची! सारिनेन पुढे अमेरिकेतच स्थायिक झाले.

फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी उभं राहून मित्राने हे सगळं ऐकलं. मग म्हणाला, 'म्हणजे कुणी बघितलं तरच ड्रॉइंग टिकतं.' अगदी बरोबर! कपाटात गुंडाळून ठेवलेला कागद कोण बघणार? परतीच्या एसटीत त्याने ठरवलं, लेआउट नीट स्कॅन करून, खाली स्वतःचं नाव आणि तारीख टाकून पोर्टफोलिओत लावायचा. शेड दुसऱ्याची असली तरी डोकं त्याचंच होतं ना!

तुमच्याही ड्रॉवरमध्ये असं काही पडलंय का? या वीकेंडला बाहेर काढा, आणि कुणाला तरी दाखवा.